शर्टाच्या खिशात मावेल असा बारीक घडीचा चाकू : कोणता घ्यावा?

बर्डीवाला
नमस्कार मंडळी. बर्डीवर आमचं स्टेशनरीचं छोटं दुकान आहे. दिवसभर खोके फोडा, सुतळी कापा, चिकटपट्टी सोडवा, हेच चालतं. आजवर पातं सरकवायचा तो पिवळा प्लास्टिकचा कटर वापरला. तो हवा तेव्हा सापडत नाही, आणि सापडतो तेव्हा त्याचं पातं बाहेर असतं. मागच्या आठवड्यात गल्ल्यात हात घातला आणि अंगठ्याने तो शोधला.

म्हणून घडीचा चाकू घ्यायचं ठरवलंय, पण तो शर्टाच्या खिशात राहायला हवा. पँटच्या एका खिशात मोबाइल, दुसऱ्यात किल्ल्यांचा जुडगा. स्कूटरवर बसलं की जुडगाच मांडीत रुततो, त्यात चाकूची भर नको. वरच्या खिशात फक्त एक पेन असतं. उन्हाळ्यात पातळ सुती हाफ शर्ट घालतो, त्यामुळे फुगवटा दिसायला नको. खोके उचलायला वाकावं लागतं, तेव्हा खाली पडायला नको. घरी वडलांना मोसंबी सोलून देता आली तर उत्तम. खटक्याचा चाकू मात्र नको, काउंटरवर तसला उघडला तर गिऱ्हाईक उरलेले पैसे न घेताच पळेल.

तर्रीबाज
वरचा खिसा? आपल्या नागपुरात थो खिसा खर्र्याच्या पुडीसाठी राखीव असते ना भाऊ!

बर्डीवाला
खर्रा सोडून दोन वर्षं झाली. म्हणूनच तर जागा झाली.

तर्रीबाज
मंग अभिनंदन. माझ्या खिशात अजून जागा नाई झाली.

मिहान_मुक्काम
माझा आवडता विषय! कपाटात अकरा चाकू आहेत, बायकोला सात माहीत आहेत.

शर्टाच्या खिशासाठी तीन मापं बघा : बंद केल्यावरची लांबी, जाडी आणि वजन. यातलं वजन सगळ्यात महत्त्वाचं आणि नेमकं तेच कोणी बघत नाही. साधारण ५० ग्रॅमच्या वर गेलं की सुती शर्ट एका बाजूला ओढला जातो आणि कॉलर तिरकी बसते. लांबी ९-१० सेंमीच्या आत असावी. त्याहून लांब असला तर वाकल्यावर वरून डोकावतो, आणि फारच आखूड असला तर खिशात आडवा होऊन तळाशी लोळतो.

माझी यादी :

व्हिक्टोरिनॉक्स कॅडेट. बंद लांबी ८४ मिमी, वजन ५० ग्रॅमच्या आत. बाजूला लाल प्लास्टिक नाही, खरखरीत नक्षी ठोकलेला अॅल्युमिनियमचा पत्रा आहे, त्यामुळे चांगलाच चपटा. पातं, कानस, डबा उघडणं, बाटली उघडणं, बस.

ओपिनेल ६ नंबर. फ्रान्सचा, १८९० पासूनचा. लाकडी मूठ, ७ सेंमीचं पातं, आणि फिरवून पातं अडकवायची धातूची कडी. एकदम हलका. मूठ मात्र गोल आहे, खिशात खडूचा तुकडा ठेवल्यासारखी दिसते.

हिगोनोकामी. जपानच्या मिकी गावचा. एकच पत्रा दुमडून केलेली मूठ, तिच्यात पातं, मागे एक छोटी दांडी. लॉकही नाही आणि स्प्रिंगही नाही, दांडी अंगठ्याने दाबून धरायची. तिथली शाळकरी मुलं त्याने पेन्सिली तासायची. याहून चपटं काही मिळणार नाही.

बजेट सैल असेल तर बेंचमेड बगआउट. क्लिप धरून ५२ ग्रॅम.

कोर्टकचेरी
खरेदीआधी कायद्याचं बघून घ्या. शस्त्र अधिनियम १९५९ आणि २०१६ च्या नियमांप्रमाणे ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू परवान्याच्या यादीत येतात. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेले त्यातून वगळलेले आहेत. तुमचा बोटभर चाकू त्यात कुठेच बसत नाही.

पण एवढं वाचून थांबू नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली जमावबंदीसारखे आदेश निघतात, त्यात काठ्या, भाले, तलवारींबरोबर 'चाकू' हा शब्द सरळ लिहिलेला असतो आणि तिथे इंचाची सूट नसते. सण, निवडणुका आणि आपल्याकडे डिसेंबरातलं हिवाळी अधिवेशन, या दिवसांत बर्डी ते सिव्हिल लाइन्स हिंडताना चाकू दुकानाच्या गल्ल्यातच बरा. कोर्टाच्या दारात आणि विमानात तर प्रश्नच नाही. खटक्याचा नको म्हणालात ते फार शहाणपणाचं. हवालदाराला पातं किती इंच आहे ते नंतर दिसतं, उघडतानाचा आवाज आधी ऐकू येतो.

पुणेरी_पाहुणा
चाकू घ्यायचा की नाही याचा निर्णय १ ते ४ वगळून घ्यावा.

तर्रीबाज
आमच्याकडे दुपारी १ ते ४ मध्ये रस्त्यावर लोखंड काढलं तं मे महिन्यात ते आपोआप वितळते. चाकूचा प्रश्नच नाई.

जुना_फिटर
हिंगणा एमआयडीसीत तेहतीस वर्षं काढली. एकच सांगतो : लॉक नसलेला चाकू घेऊ नका.

१९९४ ची गोष्ट. चामड्याच्या पट्ट्याला भोक पाडायचं होतं. दाभण जवळ नव्हतं, म्हणून चाकूचं टोक लावलं आणि वरून जोर दिला. पातं मिटलं ते सरळ तर्जनीच्या पेरावर. चार टाके पडले. आजही थंडीत ते बोट पूर्ण मिटत नाही. चाकू वाईट नव्हता, चांगल्या पोलादाचा होता. पण मागच्या स्प्रिंगच्या दाबावर उभं राहणारं पातं म्हणजे दाराला कडी न लावता नुसतं लोटून ठेवण्यासारखं.

काटोलवाला
फिटर काका, राग नका मानू जी, पण चूक दाभणाची होती, चाकूची नाई.

आमची काटोलला संत्र्याची नर्सरी हाय. जंबेरीच्या रोपावर संत्र्याचा डोळा भराचा, म्हंजे कलम कराचं, दिवसभर थेच काम. कलमाचा चाकू घडीचाच असते, त्याले लॉक नसते, आणि आमचे पोट्टे दिवसाले शेकड्यानं डोळे भरते. कोनाचं बोट नाई कापत. काऊन? कारण कापताना जोर धारेवर येते, आणि धारेवरचा जोर पात्याले उघडं ठेवते, मिटवत नाई. पातं मिटते थे दोनच वेळा : टोक खुपसलं तेव्हा, नाई तं पातं फटीत अडकलं आणि आपन ओढाले गेलो तेव्हा. खोके फोडनं, सुतळी कापनं, यात हे दोन्ही येत नाई.

आनखी एक. संत्र्याले चाकू लागतच नाई. नागपुरी संत्र्याचं साल सैल असते, नखानं निघते. मोसंबीचं साल गराले चिकटून असते, तिले चाकू पायजे. बर्डीवाल्यानं मोसंबी लिहिली म्हनून मानलं. संत्रा लिहिला असता तं मी धागाच बंद करा म्हनलो असतो.

जुना_फिटर
दाभणाचं मान्य. पण दुकानात घाईत असलेला माणूस कधी ना कधी टोक खुपसतोच. दोन खोक्यांमधली पट्टी कशी फोडतात? टोक घालूनच ना?

काटोलवाला
हे मात्र बरोबर बोलले.

मंजिरी_मॅडम
शीर्षक बघून वाटलं कोणीतरी कोणाला मारायला निघालंय. आत येऊन बघते तर मोसंबी चालू आहे.

गेली पंधरा वर्षं माझ्या पर्समध्ये तो छोटा ५८ मिमीचा स्विस चाकू आहे, क्लासिक म्हणतात तो. एक हरवला, आणि एक मी हँडबॅगेत विसरले म्हणून विमानतळावर टोपलीत टाकावा लागला. हा तिसरा. पातं बोटाच्या दोन पेरांएवढं, वजन वीस-बावीस ग्रॅम, खिशात आहे हे कळतसुद्धा नाही. आणि त्यात कात्री आहे! बर्डीवाले, तुम्ही सुतळी कापता ना? सुतळी चाकूने कापायला ती ताणून धरावी लागते, म्हणजे दोन्ही हात गुंततात. कात्रीने एका हातात काम होतं. धागे, पाकिटांचे कोपरे, औषधांच्या पट्ट्या, सगळ्याला कात्रीच लागते. वर्गात मुलांसमोर काढला तरी कोणी दचकत नाही.

मिहान_मुक्काम
मॅडम, मुद्दा चांगला आहे. पण त्या पात्याने सात पदरी पुठ्ठ्याचा खोका फोडायचा म्हणजे चमच्याने विहीर उपसणं.

आजोळ_रामटेक
तुम्ही सगळे हे सोयीचं वगैरे आज बोलताय, आमच्या आजोबांकडे चंची होती. कापडाची, कप्प्याकप्प्यांची, गुंडाळून दोरी बांधायची. एका कप्प्यात पानं, एकात सुपारी, चुन्याची डबी, आणि अडकित्ता. पितळी, पोपटाच्या आकाराचा. तो बंडीच्या आतल्या खिशात असायचा आणि सुपारीशिवाय दहा कामं करायचा. तार तोडायचा, बी फोडायचा, एकदा तर लग्नात नवरदेवाच्या बाशिंगाची गाठ त्यानेच सोडवली.

तर्रीबाज
नवरदेवानं तेव्हाच इशारा समजून घ्याले पायजे होता.

बर्डीवाला
विषय चंचीवर गेला, पण वाचायला मजा येतेय. सध्या मन कॅडेट आणि ओपिनेल यांच्यात अडकलंय. लाकडी मूठ दिसायला सुंदर वाटते. आपल्या हवेत टिकते का?

आजोळ_रामटेक
लाकूड म्हटलं की पावसाळ्यात फुगणार आणि मे महिन्यात आकसणार, मूठ कोणत्याही देशाची असो. जुलैत पातं लाकडात घट्ट बसतं, नखाने ओढून निघत नाही. त्यावर ओपिनेल जिथला, त्या फ्रान्सच्या डोंगरी भागातली युक्ती अशी की मुठीचं बूड टेबलावर ठक्कन आपटायचं, मग पातं थोडं वर येतं.

पण खरा उपाय आपल्या विदर्भात आहे : जवसाचं तेल. जवस म्हणजे नुसती चटणी नव्हे. हे तेल हवेत सुकून घट्ट होतं, म्हणून रंगात आणि लाकडाला वापरतात. मूठ तेलात बुडवून ठेवा, पुसा, आठवडाभर सावलीत सुकू द्या. दोन-तीनदा केलं की लाकूड पाणी पीत नाही. शेंगदाण्याचं किंवा खोबरेल लावू नका, ती सुकत नाहीत, मूठ कायम तेलकट राहते आणि शर्टाला डाग पडतात.

जुना_फिटर
याला एक जोड. जवसाच्या तेलाने भिजलेलं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना ते तेल गरम होतं, आणि गोळा करून ठेवलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. नागपूरचा मे आणि स्टेशनरीचं दुकान, बाकी मी काही बोलत नाही.

बर्डीवाला
लाकडी मूठ रद्द. दुकानात सगळा कागद आहे बापा!

काटोलवाला
पातं घेताना बी पाहा. साधं कार्बनचं पोलाद लवकर धार धरते, पन मोसंबी कापली का पाच मिनिटांत निळं-काळं पडते आणि फोडीले लोखंडाची चव येते. थो गंज नाई, नुकसान काई नाई, पन वडील एक फोड खाऊन ताट सरकवतीन. स्टेनलेसच घ्या.

शिल्पा_धरमपेठ
इतका वेळ सगळे चाकूच बदलताहेत. खिसा बदला ना!

माझं शिवणकाम आहे, म्हणून सांगते. तयार शर्टाचा खिसा एकेरी कापडाचा असतो आणि वरच्या दोन कोपऱ्यांवर सगळा भार येतो. तिथेच उसवतो. कोणत्याही टेलरकडे जा आणि दोन गोष्टी सांगा. एक, खिशाला आतून त्याच रंगाच्या कापडाचं अस्तर. दोन, डाव्या कडेपासून दीड इंचावर उभी शिवण, पेनासाठी असते तशी, पण तळापर्यंत न नेता तळाच्या दोन बोटं वर आडवी टीप मारून बंद. असा चोरखिसा झाला की चाकू त्यात उभा राहतो, आडवा होत नाही, वाकलं तरी बाहेर येत नाही, आणि वर पेन लावलं की दिसतही नाही. चाकू आधी घ्या आणि टेलरकडे जाताना सोबत न्या, माप त्यावरून घेऊ दे.

मिहान_मुक्काम
शिल्पाताई, क्लिप असेल तर याची गरजच काय? स्पायडर्कोने १९८१ मध्ये घडीच्या चाकूला पहिल्यांदा क्लिप लावली आणि तेव्हापासून सगळं जग क्लिपनेच चाकू वागवतंय.

शिल्पा_धरमपेठ
सगळं जग जीन्सच्या खिशाला लावतं. जीन्सचं कापड आणि पॉपलीन यात फरक आहे हो. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या शर्टांत क्लिपने फाटलेले खिसे मी ओळखू शकते : बरोबर एक इंच रुंद, वरच्या पट्टीखाली, जाळी झालेली.

मिहान_मुक्काम
...माझे दोन शर्ट असेच गेले आहेत. मला वाटायचं धुण्यात गेले.

तर्रीबाज
खिसे फाडणाऱ्या क्लिपा, घेऊन जाय गे मारबत!

मंजिरी_मॅडम
एक साधा प्रश्न. ज्या पात्याने दिवसभर चिकटपट्टी कापायची, त्याच पात्याने वडलांना मोसंबी द्यायची? त्या पट्टीचा गोंद पोटात जाणार. घरात सुरी नाही का?

काटोलवाला
गोंद पात्यावर बसतेच. खोबरेल तेलाचा बोळा फिरवला का निघते. पन मॅडमचं बरोबर हाय.

बर्डीवाला
घरात सुरी आहे. सुरीला हात लावला की बायको विचारते, "आज कसं काय?" म्हणून म्हटलं आपला वेगळा असावा. असो.

बर्डीवाला (तीन आठवड्यांनी)
काय झालं ते कळवतो. रविवारी इतवारीत लोहाओळीला चक्कर मारली, म्हटलं आधी हातात धरून बघू. स्वस्तातले चार चाकू बघितले. पातं अर्धं उघडून दोन बोटांनी डावी-उजवीकडे हलवलं. तीन खुळखुळले. चौथा इतका घट्ट की उघडताना माझं नख गेलं आणि दुकानदार म्हणाला, "नवा आहे साहेब, वापरून मोकळा होईल." नख की चाकू, ते विचारलं नाही.

शेवटी कॅडेट मागवला. लॉक नाही, म्हणून फिटर काकांची माफी मागतो. दोन खोक्यांमधल्या पट्टीसाठी टोक खुपसत नाही, काउंटरला सुतळीने एक दाभण बांधून ठेवलंय. कात्री त्यात नाही, म्हणून मॅडमची माफी. कात्री काउंटरवर आहेच, शेवटी स्टेशनरीचंच दुकान.

शिल्पाताई, तुमचा चोरखिसा तीन शर्टांना करून घेतला. टेलरने चाकू उलटासुलटा करून बघितला, माप घेतलं आणि विचारलं, "काही भानगड?" मी म्हटलं, "मोसंबी." वर पेन लावलं की खरंच दिसत नाही. पहिल्या दिवशी खोके उचलताना सवयीने छातीवर हात ठेवून वाकत होतो, हृदयाचा त्रास असल्यासारखा. शेजारच्या दुकानदाराने खुर्ची आणून दिली. आता ते सुटलं.

एक गोष्ट इथे कोणीच सांगितली नव्हती : शर्ट धुवायला टाकताना चोरखिसा तपासणं. मशीनमध्ये तासभर खडखडला. चाकू चकचकीत निघाला. बायको नाही निघाली.

वडलांसमोर नवा चाकू काढून मोसंबी घेतली. साबणाने धुवून घेतला होता मॅडम. त्यांनी दोन मिनिटं माझी कसरत बघितली आणि म्हणाले, "ती विळी आण इकडे."

काटोलवाला
वडलांले नमस्कार सांगा.

जुना_फिटर
माफी स्वीकारली. दाभण बांधलंत ते ऐकून बरं वाटलं. धार कशी लावता?

बर्डीवाला
अजून लावलीच नाही. पुठ्ठ्याने पातं बोथट होतंय खरं. पूर्वी सायकल उभी करून पायाने चाक फिरवत धार लावणारे गल्लीत यायचे, हल्ली दिसत नाहीत.

जुना_फिटर
या चाकूला चाकावर देऊही नका. पातं बारीक आहे, ठिणग्या उडाल्या की धारेचं पाणी उतरतं. घरातला चिनीमातीचा कप उपडा करा. तळाशी जी कड असते तिला झिलई नसते, खरखरीत असते. कड थोडी ओली करून त्यावर पातं साधारण वीस अंशांत धरायचं. दोन्ही बाजूंनी दहा-दहा वेळा, हलक्या हाताने. मग जुन्या चामडी पट्ट्यावर उलट्या दिशेने पुसायचा. आठवड्यातून एकदा पुरे.

बर्डीवाला
केलं. कागद सरसर कापतोय! फक्त कप उपडा करण्याआधी त्यातला चहा कोणाचा आहे ते विचारायला हवं होतं.